दुहेरी संख्यारेषा: अपूर्णांकांची समीकरणं रेघांवर सोडवायची रीत

(३/४)क्ष = २७ हे समीकरण फळ्यावर लिहिलं की वर्गातली बरीच मुलं बरोबर उत्तर काढतात. ४/३ ने गुणायचं, ३६ आले, झालं. मग विचारावं, ४/३ कुठून आणलास? उत्तर ठरलेलं असतं: ‘उलटा करून गुणायचं असतं.’ का, ते विचारलं की वर्ग शांत. आणि हीच मुलं (३/४)क्ष + ६ = २७ असं दिलं की कधी सहालाही उलटं करतात, कधी ३/४ च वजा करून टाकतात. नियम पाठ आहे, पण तो कशावर चालवायचा हे दिसत नाही.

ते दाखवायला दुहेरी संख्यारेषा हे मला माहीत असलेलं सगळ्यात स्वस्त साधन आहे. चौकटीची वही आणि पट्टी, एवढंच लागतं. जपानच्या प्राथमिक शाळांच्या पुस्तकांत अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार शिकवताना अशा रेघा असतात. अमेरिकेत २०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासक्रमाच्या मानकांत सहावीच्या गुणोत्तराच्या भागात या आकृतीचा नाव घेऊन उल्लेख आहे. आपल्याकडे संख्यारेषा शिकवतात, पण ती एकेरी. पूर्णांक आणि अपूर्णांक तिच्यावर मांडून झाले की तिचं काम संपतं. समीकरणांच्या धड्यात ती पुन्हा सहसा येत नाही. तिथेच तिचा खरा उपयोग आहे.

रेघा दोन, शून्य एकाखाली एक

एकाखाली एक दोन समांतर आडव्या रेघा. वरची भागांची: ०, १/४, २/४, ३/४, १ अशी. खालची मापांची: रुपये, लिटर, किलो, गुंठे, जे काही असेल ते. वरच्या खुणेच्या बरोबर खाली तिची जोडीदार खूण. वर शून्य असेल तिथे खालीही शून्यच.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. क्ष नेहमी वरच्या रेघेवरच्या १ च्या खाली असतो. (३/४)क्ष = २७ याचा अर्थ इतकाच, की ३/४ च्या खाली २७ आहेत आणि १ च्या खाली किती आहेत ते माहीत नाही. समीकरण सोडवणं म्हणजे ३/४ च्या खुणेवरून १ च्या खुणेवर जाणं. मुलाला हे एकदा दिसलं की पुढची निम्मी लढाई त्याने जिंकली. म्हणून कुठलंही गणित असो, रेघ आखल्यावर पहिली खूण १ ची करायला लावा आणि तिच्याखाली क्ष लिहायला लावा. दिलेला आकडा त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की मुलं दिलेला आकडा बिनदिक्कत १ च्या खाली ठेवून मोकळी होतात.

वहीत आखताना छेदाच्या पटीत चौकटी घ्या. छेद ४ असेल तर रेघ ८ किंवा १२ चौकटींची. छेद ३ आणि ४ दोन्ही असतील तर १२ चौकटी, म्हणजे तिसरा हिस्सा चौथ्या चौकटीवर येतो, पाव तिसऱ्यावर. रेघ १ च्या पुढेही थोडी वाढवून ठेवा, लागते. आणि एक चूक हमखास होते ती आधीच सांगून ठेवतो: चार भाग करायचे म्हणून मुलं चार खुणा मारतात. शून्य धरून चार खुणांमध्ये घरं तीनच होतात. खुणा मोजायच्या नाहीत, घरं मोजायची.

पहिलं गणित: पाऊण किलोचं श्रीखंड

पाऊण किलो श्रीखंडाचे २७० रुपये झाले. किलोचा भाव काय? समीकरण (३/४)क्ष = २७०.

१२ चौकटींची रेघ आखा. शेवटी १ लिहा, खाली क्ष. तीन-तीन चौकटींवर पावाच्या खुणा करा. नवव्या चौकटीवर ३/४ येईल, त्याच्याखाली २७०. चित्र असं दिसेल:

भाग: ० — १/४ — २/४ — ३/४ — १
रुपये: ० — ? — ? — २७० — क्ष

आता मुलाला काही सांगू नका. शून्यापासून २७० पर्यंत किती घरं आहेत एवढंच विचारा. तीन. मग एका घरात? ९०. खालच्या रेघेवर ९०, १८०, २७० भरून घ्या. पुढचं घर आपोआप भरलं जातं: ३६०. किलोला ३६० रुपये.

जे झालं ते बाणांनी दाखवा. ३/४ वरून १/४ वर डावीकडे एक बाण, त्यावर ‘÷ ३’. १/४ वरून १ वर उजवीकडे दुसरा बाण, त्यावर ‘× ४’. हेच दोन बाण तसेच्या तसे खालच्या रेघेखालीही काढा: २७० ÷ ३ = ९०, ९० × ४ = ३६०. वर जे केलं तेच खाली. पुढे ‘समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर तीच क्रिया करावी’ असं जे वाक्य येतं, ते इथे बाणांच्या रूपात आधीच डोळ्यांसमोर आलेलं असतं.

बाजारातले जुने लोक हेच गणित आणखी छोटं करतात. पाऊणचे २७० ना, मग त्याचा तिसरा हिस्सा, ९०, वर घाला. रेघेकडे पाहिलं की कळतं तिसराच हिस्सा का: पाऊण म्हणजे तीन घरं, आणि किलो व्हायला तसंच आणखी एक घर हवं. पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या पिढीला हे तोंडी यायचं. ते पाढे परत आणावेत असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्यामागची ही समज मात्र हवी.

‘उलटा करून गुणा’ कुठून येतं

÷ ३ आणि × ४ हे दोन बाण जोडले की एकच उडी होते: × ४/३. गुणाकार व्यस्त म्हणतात तो हाच. अंशाने भागलं कारण आधी एका घरापर्यंत मागे यायचं होतं; छेदाने गुणलं कारण अख्ख्या १ मध्ये तितकी घरं आहेत. अंश-छेदांची अदलाबदल हा त्या प्रवासाचा हिशेब आहे.

पण हिशेब नेहमी २७० सारखा सोयीचा येत नाही. (३/४)क्ष = २० घ्या. २० ला ३ ने भागलं की २०/३, आणि लगेच मुलाचा चेहरा पडतो. इथे दुसऱ्या वाटेने जायचं: आधी × ४, मग ÷ ३. रेघ उजवीकडे ३ पर्यंत वाढवा. ३/४ ची चौपट ३, म्हणजे ३ च्या खाली २० ची चौपट ८०. तीन अख्ख्यांचे ८०, तर एकाचे ८०/३, म्हणजे २६ पूर्णांक २/३.

भाग: ० — ३/४ — १ — ३
माप: ० — २० — क्ष — ८०

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी नेतात हे मुलांना करूनच पाहू द्या. आकडा अंशाने भागला जात असेल तर आधी भागावं, नसेल तर आधी गुणावं. दुसऱ्या वाटेत अपूर्णांक शेवटच्या पायरीपर्यंत लांब राहतो, म्हणून परीक्षेत तीच बरी पडते.

उजवीकडेही अपूर्णांक असेल तर

इथे मुलं सगळ्यात जास्त गडबडतात. ट्रॅक्टरवाल्याने ४० मिनिटांत, म्हणजे २/३ तासात, ४/५ एकर रोटाव्हेटर मारला. तासात किती होईल? (२/३)क्ष = ४/५.

मुलाला दोन अपूर्णांक दिसतात आणि कुठला उलटा करायचा याचा गोंधळ होतो. रेघेवर हा प्रश्नच पडत नाही, कारण दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. २/३ वर, तासांच्या रेघेवर. ४/५ खाली, एकरांच्या. वरच्या रेघेवर १ गाठायचा आहे, म्हणून वरचाच अपूर्णांक प्रवास ठरवतो. ÷ २, मग × ३.

तास: ० — १/३ — २/३ — १
एकर: ० — २/५ — ४/५ — क्ष

४/५ चा अर्धा २/५, त्याची तिप्पट ६/५. तासाला १ पूर्णांक १/५ एकर. खालची घरं ‘दोन-दोन पाचमांशांची’ आहेत. ती पूर्णांकांची नाहीत म्हणून काही बिघडत नाही.

पडताळा गुंठ्यांत घ्या. एकरात ४० गुंठे, म्हणजे ४/५ एकर ३२ गुंठे. ३२ चे अर्धे १६, त्याची तिप्पट ४८ गुंठे. १ पूर्णांक १/५ एकर म्हणजेही ४८ च. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला आधी गुंठ्यांतच सोडवू द्यावं आणि मग खालच्या रेघेखाली एकरांची तिसरी ओळ लिहून दाखवावी. त्याच खुणा, फक्त नावं बदलली.

खालचा अंश सरळ अर्धा होत नसेल, समजा (२/३)क्ष = ५/६, तर छेद दुप्पट करायचा: ५/६ चा अर्धा ५/१२, तिप्पट १५/१२, म्हणजे ५/४. खालचं प्रत्येक घर मधोमध कापलं की सहाच्या जागी बारा घरं होतात, एवढंच.

सहगुणक, म्हणजे क्ष ला गुणणारा आकडा, १ पेक्षा मोठा असेल तर वेगळं काही नाही, फक्त १ दिलेल्या खुणेच्या डावीकडे येतो. अडीच मीटर कापडाचे ४७५ रुपये: (५/२)क्ष = ४७५. अर्ध्या मीटरची पाच घरं, एका घराचे ९५, मीटरला दोन घरं, १९०. उत्तर दिलेल्या आकड्यापेक्षा लहान येणार की मोठं, हे आकडेमोड सुरू व्हायच्या आधी रेघ सांगते. पाऊणच्या गणितात क्ष उजवीकडे होता, अडीचच्या गणितात डावीकडे. मुलाला आधी तोंडी अंदाज सांगायला लावा. चुकीचा अपूर्णांक उलटा केला तर उत्तर भलत्याच बाजूला पडतं आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

अधिक-उणेवाली पदं आधी बाजूला

टाकीत आधीच १२० लिटर पाणी होतं. टाकीच्या क्षमतेच्या ३/५ इतकं पाणी टँकरने आणखी टाकलं, तेव्हा एकूण ७२० लिटर झालं. टाकी केवढी? (३/५)क्ष + १२० = ७२०.

हे समीकरण जसंच्या तसं दुहेरी रेघेवर बसत नाही, आणि का बसत नाही ते मुलांना कळलं पाहिजे. ३/५ च्या खाली ७२० लिहिलं तर शून्याच्या खाली १२० लिहावं लागेल, कारण काहीही न टाकतासुद्धा १२० लिटर होतंच. शून्याखाली शून्य राहिलं नाही की घरांचा हिशेब कोसळतो: ७२० ला ३ ने भागून २४० येतात, पण एका घरात २४० लिटर नाहीत.

म्हणून आधी शून्य जुळवायचं. खालच्या रेघेवरून १२० काढून टाका. आता ३/५ खाली ६००, एका घरात २००, पाच घरांत १०००. हजार लिटरची टाकी. ‘आधी १२० पलीकडे नेऊन वजा करायचे, मग अपूर्णांक’ असा क्रम मुलं पाठ करतात. तो क्रम शून्याखाली शून्य आणण्यासाठी आहे. बीजगणितात कंस करून आधी ५/३ ने गुणलं तरी चालतं, पण मग १२० लाही गुणावं लागतं, आणि मुलं नेमकं तेच विसरतात.

दोन-तीन अपूर्णांक एकत्र: लसावि इथे दिसतो

क्ष/३ + क्ष/४ = ३५. भागांच्या रेघेवर तृतीयांशही हवेत आणि पावही. दोन्हींच्या खुणा चौकटीच्या रेघेवर पडाव्यात अशी किती घरं करायची? १२. लसावि इथे रेघेच्या घरांची संख्या म्हणून येतो. तिसऱ्या हिश्शाची ४ घरं, पावाची ३, मिळून ७ घरांत ३५. एका घरात ५, बारा घरांत ६०.

याच जातीची गणितं भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, ११५० च्या सुमारास, फार देखणी घालून दिली आहेत. (चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख आहे, खानदेशातल्या शिक्षकांनी सहल तिथे न्यावी.) एक गणित कमळांचं. कमळांच्या राशीतला तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला, आणि उरलेली सहा कमळं गुरूंच्या चरणी. एकूण कमळं किती?

३, ५, ६ आणि ४ चा लसावि ६०. साठ चौकटींची रेघ वहीच्या एका पानात मावत नाही, तर फळ्यावर आखा, किंवा नुसती रेघ काढून आकडे लिहा. शंकराची २० घरं, विष्णूची १२, सूर्याची १०, देवीची १५. एकापुढे एक मांडत जा: २०, ३२, ४२, ५७. साठापर्यंत राहिली ३ घरं. खाली त्या तीन घरांत ६ कमळं. एका घरात २, साठ घरांत १२०.

भास्कराचार्यांची या गणितांसाठीची रीत म्हणजे इष्टकर्म. सोयीची एक संख्या धरायची, ती संख्या घेतली तर काय उरलं असतं ते काढायचं, आणि मग त्रैराशिकाने खऱ्या उत्तरावर यायचं. ६० धरले तर ३ उरतात. प्रत्यक्षात ६ उरले. तर ६० च्या जागी १२०. वरच्या रेघेवर १ च्या जागी ६० लिहून पाहा: इष्टकर्म म्हणजे हीच दुहेरी रेघ. क्ष न मांडताही ही गणितं सुटत होती त्याचं कारण हे.

‘उरलेल्याचा’ हा शब्द

पगाराचे २/५ घरभाड्याला गेले. उरलेल्याचा १/३ किराण्याला. हातात ९६०० राहिले. पगार किती? इथे बहुतेक मुलं २/५ आणि १/३ ची बेरीज करतात, ११/१५ काढतात आणि ४/१५ ला ९६०० मांडतात. उत्तर ३६००० येतं, चुकीचं. पण ते सुबक पूर्णांकात आल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

१/३ आहे तो पगाराचा नाही, उरलेल्याचा आहे. म्हणजे त्याचं ‘१’ वेगळं. अशा वेळी तिसरी रेघ आखायची, पण ती शून्यापासून नाही. पंधरा चौकटींची रेघ घ्या. सहाव्या चौकटीवर २/५. तिथून पंधराव्यापर्यंतची ९ घरं ‘उरलेलं’. या नऊ घरांवरच वर एक छोटी रेघ काढून तिचे तीन भाग करा, प्रत्येकी ३ घरांचे. किराण्याची ३ घरं गेली, राहिली ६. सहा घरांत ९६००, एका घरात १६००, पंधरा घरांत २४०००.

ताळा: २४००० चे २/५ म्हणजे ९६०० भाडं, उरले १४४००, त्याचा तिसरा हिस्सा ४८००, हातात ९६००. बरोबर. स्पर्धा परीक्षांच्या पेपरांत हा ‘उरलेल्याचा’ वारंवार येतो. प्रत्येक अपूर्णांकाखाली ‘कशाचा?’ असं लिहायची सवय लावा. ज्याचा, त्याची रेघ.

क्ष दोन्ही बाजूंना

(२/३)क्ष = (१/४)क्ष + २०. रीतसर पद्धत म्हणजे (१/४)क्ष डावीकडे आणून छेद समान करा वगैरे. रेघेवर हे एका नजरेत होतं, आणि मला वाटतं दुहेरी रेघेची खरी कमाल इथेच आहे.

बारा घरांची रेघ. २/३ आठव्या खुणेवर, १/४ तिसऱ्यावर. समीकरण काय म्हणतं? आठव्या खुणेखालचं माप तिसऱ्या खुणेखालच्या मापापेक्षा २० ने जास्त आहे. म्हणजे तिसरी ते आठवी या पाच घरांत २०. एका घरात ४. बारा घरांत ४८. ताळा: ४८ चे २/३ म्हणजे ३२, ४८ चा पाव १२, अधिक २०, ३२.

पदाची बाजू बदलली की चिन्ह बदलतं हा नियम इथे दोन खुणांमधलं अंतर होऊन येतो. शून्यापासूनचं अंतर मोजायची गरजच पडली नाही.

प्रमाणातली समीकरणं

३/४ = क्ष/१० अशा गणितात तिरकस गुणाकार करून टाकायचा हा सगळ्यांचा हातखंडा. रेघांवर मांडायचं तर एका रेघेवर ४ आणि १०, दुसरीवर त्यांच्याखाली ३ आणि क्ष (इथे मात्र क्ष १ च्या खाली नसतो). दोन वाटा आहेत. आडवी: ४ वरून १० वर जायला अडीच पट, म्हणून ३ ची अडीच पट, साडेसात. उभी: खालचा आकडा वरच्याच्या पाऊणपट, म्हणून १० ची पाऊणपट, तेही साडेसात. ज्या वाटेचा आकडा सोपा दिसेल ती धरावी. छेदात क्ष असला, ३/५ = १२/क्ष, तरी घाबरायचं कारण नाही; ५ च्या खाली ३, क्ष च्या खाली १२, चौपट झाली, क्ष = २०.

रेघ कुठे आखायची नाही

दोन राशी समप्रमाणात असतील तरच ही रीत चालते. चार मजुरांना बांधाचं काम करायला ६ दिवस लागतात, आठ मजुरांना किती? रेघेवर ४ खाली ६ लिहून ८ खाली १२ लिहिणारं मूल रीत बरोबर वापरतं आणि गणित चुकतं. मजूर दुप्पट तर दिवस निम्मे, उत्तर ३. व्यस्त प्रमाणाला ही रेघ नाही. ओळखायची खूण सोपी: शून्याखाली शून्य शोभतं का? शून्य मजुरांना शून्य दिवस, हे कसं शक्य आहे?

तापमानाचंही तेच. ० अंश सेल्सिअसखाली ३२ फॅरनहाइट येतात, १० खाली ५०, २० खाली ६८. घरं सारखी आहेत, पण शून्यं जुळत नाहीत, म्हणून दुप्पट-तिप्पट करता येत नाही. टाकीतल्या १२० लिटरसारखे आधी ३२ काढावे लागतात.

मोठ्या छेदांची समीकरणंही रेघेवर सोडवत बसू नये. (१७/२३)क्ष = ५१ ला २३ घरं आखण्यात वेळ घालवायचा नाही; कच्ची रेघ, त्यावर ०, १७/२३ आणि १ अशा तीनच खुणा, आणि दोन बाण. ५१ ÷ १७ = ३, ३ × २३ = ६९. मूल या कच्च्या रेघेवर आपणहून आलं की समजावं, ते आता बिनरेघेचंही सोडवणार.

सरावाला

(५/८)क्ष = ४०. सरळ आहे, एका घरात ८, उत्तर ६४.

(३/४)क्ष = ९/१०. खालच्या रेघेवर अपूर्णांक. घर ३/१० चं, उत्तर ६/५.

सव्वापट क्ष = ७५. अपूर्णांक मुलालाच लिहू द्या, सव्वाचे ५/४ करता येतात का ते कळेल. उत्तर ६०, आणि ते ७५ च्या डावीकडे यायला हवं.

क्ष/२ − क्ष/५ = १८. दहा घरं, दोन खुणांमधलं अंतर ३ घरांचं, उत्तर ६०.

(५/६)क्ष = (१/२)क्ष + १४. सहा घरं पुरतात. दोन घरांत १४, उत्तर ४२.

आणि शेवटी पुन्हा ‘लीलावती’तलं, भुंग्यांचं. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्शांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केवडा आणि मालतीच्या वासाने हवेतच घुटमळत राहिला. थवा केवढा? पंधरा घरं आखा. पाचव्या हिश्शाची खूण तिसऱ्या चौकटीवर, तिसऱ्याची पाचव्यावर. फरक दोन घरांचा, तो मोजायचाही नाही, दिसतोच. त्याची तिप्पट ६ घरं. ३, ५ आणि ६ मिळून १४. उरलं एक घर, त्यात एक भुंगा. थवा पंधरा भुंग्यांचा.